नानाची जीन

वहिनीचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला, आमच्या गॅलरीत उन्हाकडे पाठ करून मेथी निवडत बसले होते. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली आणि मग मागून कुणीतरी फोन हातात घेतला. पुढे पारोळा कधी आलं, एरंडोल कधी गेलं, मला काही कळलं नाही. जळगावला घरी पोहोचल्यावर तुकड्यातुकड्यानं सगळं समजलं. नानानं दुपारी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली होती. भरीत दुसऱ्यांदा मागून घेतलं, वर कांद्याची पात कमी पडली म्हणून कुरकुर केली, 'जरा पडतो' म्हणाला... आणि झोपेतच गेला. वहिनी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "दुसऱ्यांदा मागितलं हो, ताई!" आणि आम्ही दोघी आधी रडलो आणि मग रडता रडता चक्क हसलो. बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसांना वाटलं असणार, या बायांचं डोकं फिरलंय. पण मधे दोन वर्षं अशी गेली होती की नाना स्वतःहून काही मागून जेवलाच नव्हता, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आता या गोष्टीला दीड महिना झाला. आता थोडं नीट लिहिता येईल असं वाटतंय.

नाना माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी धुळ्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, अख्ख्या शाळेला माझा धाक होता, पण नानासाठी मी शेवटपर्यंत 'बेबी'च राहिले. एकदा तर माझ्या शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून आला आणि माईकवरून "आमची बेबी" म्हणाला. त्यानंतर आठवडाभर मुलींच्या घोळक्यातून खुसुखुसु ऐकू येत होतं. नाना जळगावला जीनमध्ये ग्रेडर होता. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करतात तो कारखाना. आमच्याकडे त्याला कुणी जिनिंग फॅक्टरी वगैरे म्हणत नाही, जीनच म्हणतात. गाडी आली की नाना ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस चिमटीत धरून दोन्ही हातांनी हळूच ताणायचा, धाग्याची लांबी डोळ्यांनी मापायचा आणि एका चिठ्ठीवर शेरा लिहायचा. 'ओल जास्त.' 'कवडी फार', म्हणजे किडका, न उमललेला कापूस. 'धागा आखूड, रोलर सैल ठेवणे.' त्या चिठ्ठीप्रमाणे फिटर मशीन लावायचा. 'माल चांगला' हा शेरा नाना फार क्वचित लिहायचा. तो मिळाला की शेतकरी चिठ्ठी खिशात घालून घरी दाखवायला नेत, असं म्हणतात. नानाच म्हणायचा, त्यामुळे थोडं कमी करून ऐकावं.

ही सवय त्याच्या हाडीमांसी खिळली होती. गादी, उशी, डॉक्टरकडचा बोळा, देवळातली वात, जे हाताला लागेल ते तो चिमटीत ताणून बघायचा. आणि माणसांनाही शेरे द्यायचा. माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मुलाबद्दल, तो जिन्यावरून खाली उतरतोय न उतरतोय तोच, "धागा लांब शे, पन कचरा जास्त," असं त्याच्या नेहमीच्या अहिराणीत म्हणाला होता; शे म्हणजे आहे. ते स्थळ आम्ही सोडलं. पुढे त्या मुलाच्या ज्या ज्या बातम्या कानावर आल्या, त्या ऐकून नणंद आजही नानाचं नाव काढून हात जोडते. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा पेढे घेऊन गेले आणि मुद्दाम विचारलं, "नाना, आता माझा शेरा सांग." पेढा तोंडात टाकून, मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "बेबीना धागा बरा शे... पन कडक शे." मला राग आला होता, खरंच आला होता. 'माल चांगला' म्हणायला याचं काय जात होतं?

नानाच्या निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत जीन बंद पडली आणि त्याच सुमारास तो मिटत गेला. दोन्हींचा संबंध होता की नव्हता, ते मला सांगता येणार नाही. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग तो भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास बसू लागला. मला सगळ्यात जास्त कशानं भीती वाटली असेल तर त्याच्या हातांनी. ते मांडीवर नुसते पडलेले असायचे. उशी शेजारी असली तरी चिमूट पुढे यायची नाही. वहिनीनं कुणालाही न सांगता गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या मंगळसूत्रात अडकवली. ती किल्ली मी पाहिली.

डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीनं नाना दिवसभर झोपायचा, जागा झाला की जीभ जड. दुसरीनं हात असे कापायचे की चहा बशीत येण्याआधी सदऱ्यावर यायचा. तिसरीनं चक्कर येऊन न्हाणीत पडला. डॉक्टरांनी डोस कमी केला, तरी तेच. आणि दर वेळी तो स्वतःहून गोळी बंद करायचा आणि आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडायचो. पाहुणे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत. कुणी म्हणालं, काम नको म्हणून सोंग करतो. निवृत्त माणसाला कसलं आलंय काम, पण बोलणाऱ्याला कोण अडवणार? शेवटी मीच आठ दिवसांची पिशवी भरून जळगावला गेले. शाळेत चुकार पोरांना सरळ केलं, हा तर माझा भाऊ, असा माझा हिशेब. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायचे. "तोंड उघड. जीभ वर कर. आता गीळ." नाना निमूट सगळं करायचा. पाचव्या दिवशी त्याला खुर्चीतून उठता येईना. कापऱ्या हातानं माझा पदर धरून म्हणाला, "बेबी, ह्या गोया माले जास्त व्हतस."

मी काय बोलले ते इथे लिहायलाच हवं, नाहीतर या लेखाला अर्थ नाही. मी म्हटलं, "चौथाई गोळी कुणाला जास्त होते, नाना? लहान पोरं याहून मोठी गोळी घेतात. तुला बरंच व्हायचं नाहीये. नाटकं आहेत ही सगळी." नानानं पदर सोडला. संध्याकाळी वहिनीला एवढंच म्हणाला, "आते बस. माले राहू द्या." त्यानंतर त्यानं एकही गोळी घेतली नाही, आणि वहिनीच्या मंगळसूत्रातली किल्ली मला धुळ्याला परत आल्यावरही दिसत राहिली.

वहिनीनं हार मानली नाही. काही महिन्यांनी शहरात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या, कोल्हापूरकडच्या. वहिनीनं नानाच्या हातापाया पडून त्याला एकदाच, शेवटचं, तिकडे यायला कबूल केलं आणि मलाही बोलावून घेतलं. बाई वयानं तरुण पण ऐकून घेणाऱ्या. सगळ्या गोळ्यांची नावं, डोस आणि काय काय झालं ते त्यांनी तासभर लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून नानाला म्हणाल्या, "आजोबा, इतक्या थोड्या डोसला इतका त्रास होतोय, तर आपण एकदा तुमची जीन तपासून बघू या."

नानानं कितीतरी महिन्यांत पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं. तो मान वर करून म्हणाला, "जीन तं कवयच बंद पडनी, बाई."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. नाना पुढे बोलतच होता, "नुसतं शेड उभं शे. मशीनी बठ्ठ्या इकी टाक्यात. काय तपासशात?" बाईंनी हळूच पेन उचललं आणि फार मायेनं विचारलं, "आजोबा, आज वार कोणता आहे? आपण आत्ता कुठे बसलोय?" बिचाऱ्यांना वाटलं, पेशंटला भ्रम झाला. मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा मला जे हसू फुटलं ते आवरेना. वहिनी पदर तोंडात कोंबून बसलेली. मी कसंबसं बाईंना समजावलं की आमच्या खानदेशात जीन म्हणजे काय, तिथल्या सगळ्या मशिनी कशा विकल्या गेल्या आणि हा माणूस जन्मभर तिथेच कसा राबला. बाई आधी थक्क झाल्या, मग त्याही हसायला लागल्या. आणि नाना... नानाच्या ओठाची एक कड वर गेली. एवढीशीच. पण ती मी बघितली आणि वहिनीनंही बघितली.

मग बाईंनी सोप्या भाषेत सांगितलं. प्रत्येक माणसाच्या अंगात आईबापांकडून आलेली एक घडण असते, तिलाही जीन म्हणतात. औषध पोटात गेलं की शरीर ते फोडतं. काहींचं भराभर फोडतं, काहींचं अगदी सावकाश. सावकाश फोडणाऱ्याच्या अंगात आजची गोळी संपायच्या आत उद्याची येऊन पडते. नाना ऐकता ऐकता पुढे सरकला. "म्हणजे कापूस आखूड धागाना, आनि मशीन लावेल लांब धागासाठे. मंग रुई तुटस, सरकी फुटस, आनि बठ्ठा दोष कापूसले देतस." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच." पण त्या सरळ होत्या, उगीच आशेला लावलं नाही. म्हणाल्या, "यातून कोणती गोळी लागू पडेल हे नाही कळत. कोणती अंगावर येण्याची शक्यता आहे आणि डोस कितीपासून सुरू करावा, एवढा अंदाज येतो. सगळ्यांना ही तपासणी लागतेच असंही नाही. तुमच्या बाबतीत उपयोग होईल असं मला वाटतं."

नमुना घ्यायला सुईसुद्धा लागत नाही. काडीच्या टोकाला बोळा असतो, तो गालाच्या आतून फिरवायचा. नर्सनं पाकीट फोडून ती काडी नानाच्या हातात दिली आणि म्हणाली, "असंच धरा हं, मी हातमोजे घालते." ती हातमोजे घालेपर्यंत नानानं बोळा चिमटीत धरून टरकन ओढला होता, उजेडाकडे धरला होता आणि शेरा दिला होता, "हाऊ कापूसच नही शे! धागाच निंघत नही." नर्स हातमोजे घातलेले हात वर धरून उभी. दुसरी काडी आणावी लागली. वहिनी नर्सची माफी मागत होती आणि मी... मी त्याच्या हातांकडे बघत होते. दोन वर्षांनी ती चिमूट परत पुढे आली होती. तिथेच मला रडू आलं.

रिपोर्टला तीनेक आठवडे लागले. या तीन आठवड्यांत नाना रोज सकाळी वहिनीला विचारायचा, "रिपोर्ट उना का?" इतक्या दिवसांनी तो कशाचीतरी वाट बघत होता. रिपोर्ट आला तेव्हा मी पुन्हा धुळ्याहून गेले. पहिल्या पानावर हिरवे, पिवळे आणि लाल रकाने होते, त्यात औषधांची नावं. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. नानानं घेतलेल्या तीन गोळ्यांपैकी दोन लाल रकान्यात होत्या, एक पिवळ्यात. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचं शरीर या गोळ्या फार सावकाश फोडतं. इतरांना जो थोडा डोस, तो तुम्हाला खरोखरच जास्त होत होता. तुम्ही जे सांगत होतात ते खरं होतं."

नाना गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाई, परत एकदाव सांगा. मनी बहीनले जरा कमी ऐकू येस."

माझे कान ठणठणीत आहेत, तेव्हाही होते. बाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी माझ्याकडे वळून ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं. मी नानाचा हात धरला. म्हटलं, "नाना, माझं चुकलं. फार चुकलं." तो माझा हात थोपटत म्हणाला, "तुनं काय चुकनं वं? सेटिंग चुकनी."

पुढे सगळं एका रात्रीत छान झालं असं मुळीच नाही. शरीर दुसऱ्या वाटेनं फोडतं अशी एक गोळी बाईंनी अगदी थोड्या डोसवर सुरू केली. महिनाभर काहीच फरक दिसला नाही, आम्ही पुन्हा धास्तावलो. बाई डोस मुंगीच्या पावलानं वाढवत राहिल्या. त्रास मात्र फारसा झाला नाही, त्यामुळे नानानं गोळी सोडली नाही. आणि एक दिवस वहिनीचा फोन आला, तिला हसताना बोलता येईना. नाना बाजारात भरताची वांगी आणायला स्वतः गेला होता आणि वांगी हलकी का जड यावरून भाजीवालीशी पाऊण तास भांडून, तिचं सगळं दुकान चाचपून, अखेर तिच्याकडूनच चार वांगी घेऊन आला होता. संध्याकाळी गच्चीच्या दाराचं कुलूप निघालं. पापड वाळत घालायचे होते, असं वहिनीनं कारण दिलं.

रिपोर्टचं पहिलं पान नानानं प्लॅस्टिकमध्ये पक्कं करून घेतलं आणि बैठकीत कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवलं जाई, चहाच्या आधी. ज्यांनी सोंग म्हटलं होतं त्यांना जरा जास्त वेळ. मग त्याच्या उत्साहाला भरतंच आलं. कुणाचे गुडघे दुखोत, कुणाला पित्त होवो, नानाचा एकच सल्ला, "आधी जीन तपास." एका नातेवाइकाचा मुलगा दहावीत नापास झाला तर त्यालाही हेच सांगून आला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला दम भरला, "आजोबा, तुम्ही माझी प्रॅक्टिस बंद पाडणार!" तेव्हा कुठे थोडा थांबला. त्यानंतर तो पाच वर्षं जगला. ती पाच वर्षं त्यानं गोळी एक दिवस चुकवली नाही, आणि मला आठवड्यातून दोनदा फोन करून 'ऐकू येस का?' असं विचारायचंही चुकवलं नाही.

तेराव्याला मी निघाले तेव्हा वहिनीनं खिळ्यावरून ते पान काढलं आणि माझ्या पिशवीत घातलं. "हे तुमच्याकडेच शोभेल, ताई," म्हणाली. मी ते धुळ्याला आणून पर्समध्ये तसंच ठेवून दिलं. बघवत नव्हतं.

घरी आल्यावर मला झोप येईना. दिवसा उगीच डोळे भरून यायचे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेला आणि मनाला आराम पडेल म्हणून एक साधी गोळी दिली. दुसऱ्याच दिवशी माझं डोकं गरगरलं, पाय कापसासारखे झाले, तिसऱ्या दिवशी ओट्याला धरून उभी राहिले. सुनेला सांगितलं, "अगं, ही गोळी मला जास्त होतेय." सून माझी गुणाची आहे, पण म्हणाली, "आई, किती लहानशी गोळी आहे ती! चार दिवस नेटानं घ्या. थोडं मनाचंही असतं." माझंच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द, माझ्या स्वयंपाकघरात माझ्याकडे परत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनेला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि पर्समधलं ते पान त्यांच्या टेबलावर ठेवलं. "माझ्या सख्ख्या भावाचं आहे," एवढंच म्हटलं. त्यांनी चष्मा वर करून रकाने वाचले, मग पान उलटं केलं आणि म्हणाले, "मागे हे कोणत्या डॉक्टरांनी लिहिलंय?" मागे काही लिहिलंय हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ती बाजू भिंतीला टेकलेली होती. बॉलपेननं, चिठ्ठीवर लिहायचा तशा तिरक्या अक्षरात, खाली सहीसकट, नानानं शेरा लिहिला होता... 'माल चांगला. रोलर हळू चालवणे.'

"ग्रेडरनं लिहिलंय," मी म्हटलं. डॉक्टरांना ते काही कळलं नाही, पण रिपोर्ट कळला होता. म्हणाले, "सख्ख्या भावाचं असं असेल तर तुमचंही असू शकतं. ही गोळी तुम्हाला जास्त होत असणार, बरोबर आहे तुमचं. आपण ती बदलू, आणि अगदी थोडीपासून सुरू करू."

मी सुनेकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "डॉक्टर, परत एकदा सांगा," मी म्हटलं. "आमच्या सुनेला जरा कमी ऐकू येतं."

आता ते पान आमच्या धुळ्याच्या बैठकीत कॅलेंडरशेजारी आहे. सुनेनंच खिळा ठोकला. फक्त मी ते उलटं लावलंय, रकाने भिंतीकडे आणि शेरा बाहेर. आलागेला वाचतो आणि विचारतो, कसला हो माल? मी सांगते, आमचा.